ओजेटीसाठी बीएस्सीची मुलं हॉस्पिटलच्या संशोधन विभागात पाठवायची आहेत. १२० तासांत नेमकं काय काम द्यावं?

तासिका_वही

सहाव्या सत्रात ओजेटीचे (प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे) चार क्रेडिट आहेत, म्हणजे १२० तास. सूक्ष्मजीवशास्त्राची सहा मुलं एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या संशोधन विभागात घेतो असं तोंडी कळलंय. तिथे औषधांच्या ट्रायल चालतात, शिवाय आसपासच्या गावांत रक्तदाब-मधुमेहाचा एक सर्वेक्षण-अभ्यास चालू आहे. याआधी आमची मुलं पॅथॉलॉजी लॅबला जायची. तिथलं काम ठरलेलं असायचं, इथलं तसं दिसत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मुलं पाठवण्याआधी कोणती कागदपत्रं हातात हवीत? त्यांना प्रत्यक्ष काय काम मिळू शकतं आणि कुठे हात लावायचा नाही? आणि विभागप्रमुखांचा आग्रह आहे की प्रत्येक मुलाने ओपीडीतल्या ५० रुग्णांकडून प्रश्नावली भरून घेऊन ‘लघुसंशोधन प्रकल्प’ सादर करावा. हे बसतं का?

नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइलसाठी जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले फोटो लागतात, तेही विचारून ठेवतो.

ठराव_क्रमांक_सात

तिसरा, ५० प्रश्नावल्यांचा प्रश्न आधी घेतो, कारण मुलं अडकतात ती तिथेच. नाही बसत. ओपीडीतल्या रुग्णाला थांबवून त्याच्या आजाराबद्दल, गोळ्यांबद्दल विचारणं म्हणजे माणसांवरचं संशोधन, त्यात सुई टोचली नाही तरी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे त्याला एथिक्स कमिटीची मंजुरी आधी लागते. नगण्य धोक्याच्या कामाला पूर्ण छाननीतून सूट मिळू शकते हे खरं, पण सूट द्यायची की नाही ते कमिटी ठरवते. मार्गदर्शक सरांनी परस्पर ‘यात काही धोका नाही’ असं लिहून चालत नाही.

फॉर्म भरून झाल्यावर आलेल्या अर्जाला मागच्या तारखेने मंजुरी देता येत नाही. सत्र संपत आलं की असे अर्ज येतात, सोबत ‘विद्यार्थ्याचं वर्ष वाया जाईल’ अशी चिठ्ठी असते. वर्ष कमिटीमुळे वाया जात नाही, डिसेंबरात विचारायचं ते मार्चमध्ये विचारल्यामुळे जातं. बऱ्याच कमिट्या महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बसतात. गणपूर्तीला किमान पाच सदस्य लागतात, त्यात वकील, सामान्य नागरिक वगैरे ठरलेल्या माणसांचा समावेश असतो. एक वकीलसाहेब आले नाहीत की बैठक पुढच्या महिन्यावर.

म्हणून मुलाने स्वतःचा अभ्यास उभा करू नये. आधीच मंजूर झालेल्या, चालू अभ्यासातला एक तुकडा उचलावा आणि तो नीट करावा. तुमच्या विभागप्रमुखांना ‘प्रकल्प’ हा शब्द हवाच असेल, तर ‘अमुक अभ्यासातल्या स्क्रीनिंग नोंदींची पूर्णता’ असा विषय घ्या. कुठला रुग्ण अभ्यासात बसतो का हे पाहिल्याच्या या नोंदी. त्यात रुग्णाशी बोलावं लागत नाही. पण जुन्या नोंदी वापरायच्या, तर त्यासाठीही प्रमुख संशोधकाकडून कमिटीला पत्र गेलं पाहिजे.

हॉस्पिटलकडून एक गोष्ट मागून घ्या. औषधांच्या ट्रायल तपासणाऱ्या कमिटीची नोंदणी सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांच्या संस्थेकडे असते. गावातल्या, औषध नसलेल्या अभ्यासासाठी कमिटीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे लागते. २०१९ च्या नव्या नियमांपासून या दोन नोंदण्या वेगळ्या आहेत. एकच कमिटी दोन्ही करू शकते, पण नोंदणीची पत्रं दोन असतात. मुलं ज्या अभ्यासावर काम करणार, त्याचं मंजुरीपत्र कुठल्या कमिटीचं आहे आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, एवढं पाहा. ट्रायल असेल तर सीटीआरआयच्या (देशातल्या ट्रायलच्या नोंदवहीच्या) संकेतस्थळावर तिचा क्रमांक टाकून मुलांनाच पाहू द्या. १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, त्यामुळे तिथल्या तारखा वाचणं हाही धडाच आहे.

फोटो: हॉस्पिटलच्या पाटीसमोर एक, संपलं. वॉर्डात नाही, ओपीडीत नाही, संशोधन विभागाच्या टेबलावर तर अजिबात नाही. टेबलावर केसपेपर उघडा असतो आणि आजचे फोन त्यावरचं नाव सहज वाचता येईल असं टिपतात. हजेरीपत्रकावर हॉस्पिटलमधल्या अभ्यास-समन्वयकाची रोजची सही हा पुरावा पुरेसा धरायला हवा. नॅकच्या फाइलसाठी रुग्णाची ओळख उघडी करावी असं कुठेही लिहिलेलं नाही.

बाइंडर_चार

कागदपत्रांचं मी सांगतो. प्रत्येक मुलाचा एक पानी बायोडेटा, सही-तारखेसह. सहीशिवायचा बायोडेटा ट्रायलच्या फाइलमध्ये कागद म्हणून धरला जात नाही. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं (ट्रायल कशी चालवायची त्या नियमांचं), म्हणजे जीसीपीचं प्रमाणपत्र. अमेरिकेच्या नायडा या व्यसनविषयक संशोधन संस्थेच्या क्लिनिकल ट्रायल्स नेटवर्कचा अभ्यासक्रम मोफत आणि ऑनलाइन आहे, साधारण सहा तास लागतात. जानेवारी २०२५ मध्ये जीसीपीची तिसरी सुधारित आवृत्ती अंतिम झाली, तेव्हा मुलं कुठल्या आवृत्तीवरचं प्रमाणपत्र आणतायत ते हॉस्पिटलला विचारून घ्या. पुढे गोपनीयतेचा करार, कॉलेजचं पत्र आणि हिपॅटायटिस बीच्या लसीची नोंद. पैसे भरून ‘क्लिनिकल रिसर्च इंटर्नशिप’ची प्रमाणपत्रं विकणारेही आहेत. त्यावर कुठल्या अभ्यासात, कोणाच्या हाताखाली काम केलं हे नसेल, तर तो कागद नोकरीच्या वेळी कोणी वाचत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे डेलिगेशन लॉग. अभ्यासात कोण काय करणार ते त्यात असतं: नाव, सही, आद्याक्षरं, कामाचा क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आणि प्रत्येक ओळीपुढे प्रमुख संशोधकाची सही. अभ्यासाच्या नोंदींना हात लावणाऱ्या मुलाचं नाव इथे हवं. हमखास होणारी चूक सांगतो. मुलगा सोमवारी रुजू होतो, प्रशिक्षण गुरुवारी होतं आणि लॉगमध्ये काम सुरू झाल्याची तारीख सोमवारची पडते. म्हणजे प्रशिक्षणाआधी तीन दिवस काम केल्याची लेखी कबुलीच. मॉनिटर, म्हणजे प्रायोजकाकडून नोंदी तपासायला येणारा माणूस, पहिल्या दहा मिनिटांत हे पकडतो. दुसरी चूक शेवटच्या तारखेची. मुलगा निघून जातो, रकाना रिकामा राहतो आणि वर्षभराने तो कागदावर अजून कामावरच असतो.

संमती घेणं, रुग्ण अभ्यासात बसतो की नाही ठरवणं, अभ्यासाचं औषध देणं आणि त्रास औषधामुळे झाला का यावर मत देणं, या चारांपासून मुलं लांब. संमतीच्या वेळी खोलीत बसू द्यायचं असेल, तर रुग्णाला विचारून.

करता येण्यासारखं बरंच आहे. स्क्रीनिंग लॉग भरणं हे उत्तम काम. त्यात न बसलेल्या रुग्णांचीही नोंद कारणासह लागते आणि नेमकी तीच राहून जाते. फ्रिजच्या तापमानाची रोजची किमान-कमाल नोंद: २ ते ८ अंश ठेवायचं औषध असेल, तर सोमवारी सकाळी शनिवार-रविवारचा कमाल आकडा पाहायचा, फक्त त्या क्षणाचा नाही. आणि नोंदवून झाल्यावर यंत्र रीसेट करायचं, नाहीतर तोच जुना कमाल आकडा आठवडाभर उतरवला जातो.

मूळ नोंद आणि केस रिपोर्ट फॉर्म (रुग्णाची माहिती उतरवायचा अभ्यासाचा फॉर्म) समोरासमोर ठेवून ताडणं हे तिसरं काम. खाडाखोडीचा नियम पहिल्या दिवशी घोटवून घ्या. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, आद्याक्षरं, तारीख. व्हाइटनर बंद, पेन्सिल बंद, गिरवणंही बंद. प्रयोगवहीत ‘स्वच्छ’ लिहायची सवय लागलेली मुलं चुकलेलं पान फाडून नवं लिहून आणतात. इथे तो गुन्हा धरतात, कारण पहिलं पान हीच मूळ नोंद. ईसीजीचा कागद थर्मल असतो, काही महिन्यांत फिका पडतो. तो आला की लगेच झेरॉक्स, त्यावर ‘मूळ प्रतीवरून’ असं लिहून सही-तारीख, आणि दोन्ही प्रती एकत्र.

भेटींचं वेळापत्रक काढण्यात एका दिवसाची चूक इतकी वेळा होते की उदाहरणच देतो. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, पहिल्या डोसचा दिवस हा ‘दिवस १’ आहे. डोस ३ जूनला दिला. मग ‘दिवस २८’ कोणता? एक्सेलमध्ये ३ जून अधिक २८ केलं की १ जुलै येतो. तो दिवस २९ आहे. बरोबर उत्तर ३० जून. सवलत तीन दिवस मागे-पुढे असेल, तर खिडकी २७ जून ते ३ जुलै. चुकीच्या गणिताने रुग्णाला ४ जुलैला बोलावलं तर ते प्रोटोकॉलचं उल्लंघन, आणि तो बिचारा रोजगार बुडवून आलेला असतो. काही प्रोटोकॉल पहिल्या डोसला ‘दिवस ०’ म्हणतात. तिथे १ जुलैच बरोबर. म्हणून आधी वाचायचं ते शून्य की एक.

भेटीची आठवण करून द्यायला मुलं फोन करतात. तिकडून उत्तर येतं, ‘हो येतो, मधे दोन दिवस अ‍ॅडमिट होतो, पण आता बरा आहे.’ मुलगा ‘काळजी घ्या’ म्हणून फोन ठेवतो आणि पुढचा नंबर लावतो. इथेच घात. रुग्णालयात दाखल होणं म्हणजे गंभीर प्रतिकूल घटना, आणि २४ तासांत संशोधकाने ती केंद्रीय औषध नियंत्रक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटीला कळवायची असते. कारण मलेरिया असो की अपघात. फोन करणाऱ्या मुलासमोर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: ‘अ‍ॅडमिट’ हा शब्द ऐकला की पुढचा फोन नाही, आधी समन्वयक.

नमुनापेटी

लॅबच्या बाजूने. रक्त काढणं बीएस्सीच्या मुलांकडे द्यायचं नाही, पण नमुना काढल्यापासून फ्रीजरपर्यंतची वाट त्यांना पूर्ण दाखवता येते आणि सूक्ष्मजीवशास्त्राची मुलं यात पटकन तयार होतात.

नळ्यांचा क्रम पाठ करून घेऊ नका, कारण सांगा, म्हणजे विसरत नाहीत. निळ्या झाकणाची सायट्रेट आधी, मग सीरमची लाल किंवा पिवळी, मग हिरवी हेपॅरिन, मग जांभळी ईडीटीए, शेवटी करडी फ्लोराइड. जांभळी आधी भरली आणि तिचा अंश सीरमच्या नळीत गेला, तर त्यातल्या पोटॅशियमच्या क्षारामुळे पोटॅशियम वाढलेलं दिसतं आणि ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं म्हणून कॅल्शियम कमी येतं. रुग्ण ठणठणीत, रिपोर्ट घाबरवणारा. निळी नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. अर्धी भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला लागणारा वेळ खोटाच लांबतो.

जांभळी आठ-दहा वेळा हळू उलटसुलट करायची, हलवायची नाही. जोरात हलवली की तांबड्या पेशी फुटतात. पिवळी जेलची नळी उभी ठेवून ३० मिनिटं गोठू द्यायची, मगच सेंट्रिफ्यूज. घाई केली तर सीरममध्ये फायब्रिनचे, म्हणजे गुठळीचे धागे राहतात आणि यंत्राची सुई तुंबते.

लेबलसाठी मार्कर आणि साधी चिकटपट्टी नको. उणे ८० अंशांत साधा डिंक सुटतो आणि रॅकच्या तळाशी लेबलांचा ढीग सापडतो. फ्रीजरसाठीची लेबलं वेगळी मिळतात. ती नळी कोरडी आणि कोमट असताना लावायची, बर्फातून काढल्यावर नाही. लेबलावर नाव नसतं, अभ्यासक्रमांक, भेट आणि तारीख असते.

सुई टोचली तर: वाहतं पाणी आणि साबण, पिळायचं नाही, ब्लीच लावायचं नाही, लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्य तितक्या लवकर, दोन तासांच्या आत उत्तम, ७२ तासांनंतर तिचा उपयोग धरत नाहीत. म्हणून मुलांना पहिल्याच दिवशी ‘कोणाकडे जायचं’ ती खोली दाखवून आणा, नुसता फोन नंबर देऊ नका. हिपॅटायटिस बीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. सहाव्या सत्रात विचार सुरू केला तर तिसरा डोस निकालानंतर पडेल. पाचवं सत्र उघडलं की पहिला डोस झालेला हवा.

पाड्यावरचा_पट्टा

गावातल्या अभ्यासाला मुलं द्याल तर मुलांच्या वेळेचं सोनं होईल, कारण मराठी येणारी, न कंटाळता मोजणारी माणसं तिथे कमी पडतात. महाराष्ट्रात या प्रकारच्या कामाची परंपराही मोठी आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा अभ्यास ३९ गावांत केला, तुलनेला ४७ गावं होती, आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथली माहिती गोळा करणारी माणसं गावचीच होती.

रक्तदाब मोजायला वाटतो तेवढा सोपा नाही. माणूस पाच मिनिटं शांत बसलेला, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही. ओट्यावर पाय लोंबकळत बसवून घेतलेला आकडा जास्त येतो. पट्टा आखूड असेल तरीही जास्त येतो. जाड दंडाच्या बाईला मधल्या मापाचा पट्टा ओढूनताणून लावला की गावात उगाच चार रुग्ण वाढतात. दोन वाचनं, मधे एक मिनिट. पहिलं वाचन पाहून ‘दुसरंही तेवढंच’ असं मनाने लिहिणारे असतात. ते आठवड्याच्या शेवटी सापडतात: शेवटचा अंक मोजा. डिजिटल यंत्रावर ० ते ९ हे अंक साधारण सारख्या प्रमाणात यायला हवेत, दहापैकी एक. कोणाच्या वहीत निम्मी वाचनं शून्यावर संपत असतील, तर तो यंत्राकडे बघत नाही.

वजनकाटा सारवलेल्या जमिनीवर ठेवू नका, खाली सपाट फळी हवी. उंची घेताना अंबाडा सोडायला सांगायला मुलं लाजतात. मुलीने सांगितलं की काम होतं.

वय विचारलं की ४०, ४५, ५० अशी उत्तरं येतात. आधार कार्ड पाहावं तर पुष्कळांची जन्मतारीख १ जानेवारी. लहान मुलांच्या वयासाठी गावाचा प्रसंगपट आधी करून न्या: पोळा, गणपती, दिवाळी, गावची जत्रा, आणि त्या-त्या वर्षी त्या कुठल्या इंग्रजी तारखेला आल्या. तिथी सांगितली तर पंचांग काढून तारीख लावायची, अंदाजाने नाही. अधिक महिना असलेल्या वर्षी अंदाज महिनाभर चुकतो.

आता शब्दांचं. संमतीपत्रात ‘ट्रायल’ला सर्रास ‘चाचणी’ लिहितात. गावात चाचणी म्हणजे रक्त-लघवीची तपासणी. ‘चाचणीत भाग घ्याल का’ म्हटलं की माणूस बाही वर करून हात पुढे करतो. त्याला वाटतं फुकट रक्त तपासतायत. ‘संशोधन’ म्हणा आणि पुढे सांगा की हे औषध बरं करतं की नाही ते अजून माहीत नाही, तेच शोधतोय. ‘यादृच्छिक’ शब्द कोणालाही कळत नाही, ‘चिठ्ठ्या टाकल्यासारखं, डॉक्टरसुद्धा ठरवणार नाहीत’ हे कळतं. प्लासिबो म्हणजे दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी. संमतीपत्राचा मजकूर मंजूर झालेला असतो, त्यात मुलांनी हाताने बदल करायचा नाही. पण कुठला शब्द अडतो याची यादी करून संशोधकाला दिली, तर पुढच्या दुरुस्तीत तो बदलता येतो. मुलांसाठी यापेक्षा चांगला अहवाल-विषय मला सुचत नाही. सही न येणाऱ्याच्या अंगठ्याला साक्षीदार लागतो. तो अभ्यासाशी संबंध नसलेला हवा, म्हणजे तुमचा विद्यार्थी साक्षीदार होऊ शकत नाही. सोबत उभा असतो म्हणून त्याच्यासमोर पेन सरकवलं जातं. त्याने नाही म्हणायचं.

तासिका_वही

चाचणीचं डोक्यात आलंच नव्हतं. आमच्या परवानगीपत्रात तोच शब्द आहे, बदलतो. ५० प्रश्नावल्यांचा विषय विभागप्रमुखांशी बोलून मिटवला, थोडी कुरबुर झाली.

आता दोन प्रश्न. १२० तास सलग पंधरा दिवसांत उरकावे की सत्रभर पसरावे? सलगमध्ये हजेरी सोपी जाते. आणि गावातल्या नोंदी एक्सेलमध्ये भरायचं काम मुलांना देतोय असं तिकडून आलंय, त्यात काय सांभाळायचं?

बाइंडर_चार

पसरा. आठवड्याला दोन दिवस, सहा-सहा तास, दहा आठवडे. पंधरा दिवसांत मुलगा एकच रुग्ण दोनदा पाहत नाही. रुग्ण आत आला, दिवस २८ ला परत आला, मधे काय सुटलं, मॉनिटर येऊन गेला, त्याच्या शंका निस्तरल्या, हे चक्र दिसायला दोन महिने लागतात. शिवाय पहिले २० तास प्रशिक्षण आणि वाचनातच जातात, लॉगमध्ये नाव चढेपर्यंत हातात काहीच देता येत नाही. दिवस मात्र त्या विभागाच्या ओपीडीचे निवडा, नाहीतर मुलं रिकाम्या खोलीत फाइली लावत बसतील.

अहवालात औषधाचं नाव, प्रायोजक, प्रोटोकॉल क्रमांक येऊ देऊ नका. करारात ते असतंच. समन्वयकाला वाचायला देऊन मगच कॉलेजात जमा करा.

ओळ_एक_माणूस_एक

एक्सेलसाठी. एका ओळीत एक माणूस, किंवा एका ओळीत एक भेट. दोन्ही मिसळायचं नाही. ‘१२०/८०’ एका रकान्यात भरायचं नाही, वरचा आणि खालचा वेगळे. न मिळालेल्या माहितीला शून्य लिहायचं नाही. शून्य हा आकडा आहे आणि सरासरी खाली ओढतो. ठरलेला संकेत वापरा, उदाहरणार्थ ९९९, आणि विश्लेषणाआधी तो वगळायचा हे कोडबुकात, म्हणजे रकान्यांच्या आणि संकेतांच्या यादीत, लिहून ठेवा. अभ्यासक्रमांक ००७ असेल तर रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर एक्सेल शून्यं गिळतो, ००७ चा ७ होतो आणि लॅबच्या यादीशी जुळत नाही. तारखा दिवस-महिना-वर्ष भरल्या आणि संगणक अमेरिकी मांडणीवर असला, की ५ मार्चचा ३ मे होतो. १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र नुसत्या मजकुरासारख्या पडून राहतात. रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या की हेच झालंय. महिना अक्षरांत लिहायची सवय लावा.

आणि अंक. आशाताई मराठी आकड्यांत लिहितात, मुलं इंग्रजीत वाचतात. घाईत लिहिलेला मराठी १ इंग्रजी नवासारखा दिसतो, मराठी ७ इंग्रजी सहासारखा, ४ वरून बंद झाला की इंग्रजी आठ. ७१ किलोची बाई ६९ ची होते आणि आकडा शक्य कोटीतला असल्यामुळे कोणालाच शंका येत नाही. फॉर्मच्या माथ्यावर छापा: ‘अंक कोणते वापरले: मराठी / इंग्रजी’, आणि खूण करायला लावा. भरताना मराठी कळफलक चालू राहिला तर एक्सेल तो आकडा मजकूर समजू शकतो आणि मग तो बेरजेत येत नाही.

दोन मुलांनी तेच फॉर्म वेगवेगळे भरायचे आणि मग दोन्ही फाइली ताडायच्या. सगळे जमत नसतील तर दहातला एक तरी. फरक आला की मूळ कागद काढायचा, आपापसात ठरवायचं नाही. नाव, मोबाइल आणि आधार क्रमांक या फाइलमध्ये नसतात, त्यांची यादी वेगळी आणि ती विभागाच्या कुलपात. मुलं फाइल घरी भरायला म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवतात, ते पहिल्या दिवशीच बंद करा.

तासिका_वही

दहा आठवड्यांचं वेळापत्रक आजच करतो. सहापैकी चौघांचे लसीचे दोन डोस झालेत, दोघांचा एकही नाही. त्या दोघांना फक्त कागदाच्या कामावर ठेवलं तर चालेल का?

नमुनापेटी

चालेल. नमुन्यांच्या खोलीत नको, स्क्रीनिंग लॉग आणि नोंदी भरणं द्या, आणि पहिला डोस या आठवड्यात घेऊ द्या. ज्यांचे दोन झालेत त्यांना तिसऱ्याची तारीख वहीवर लिहून द्या. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची पातळी तपासायची, १० किंवा जास्त आली की ठीक. कॉलेज संपल्यावर ती कोणी करून घेत नाही.